चार बोटं माया

बालकल्याण कार्यालयातल्या बाई चार वाजता यायच्या होत्या आणि दादाने तिसऱ्यांदा शर्ट बदलला होता. जन्मभर लोकांचे सूट शिवले, पण आपल्या अंगावर काय घालावं हे त्या माणसाला कधी म्हणजे कधी कळलं नाही.

"मुलाखत तुमची नाहीये," वहिनी म्हणाली. "बेबीताईंची आहे."

"सगळ्यांची आहे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारणार आहेत म्हणे. मी काय सांगू?"

"जे खरं आहे ते सांगा."

"खरं काय आहे?" दादाने आरशातूनच बायकोकडे पाहिलं. "परवा तू म्हणालीस, आणू या. काल म्हणालीस, नको गं बाई. आज तुझं काय आहे ते एकदा सांग, म्हणजे मी तेच माझं मत म्हणून सांगतो."

वहिनीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. कारण खरोखरच तिचं रोज बदलत होतं.

बेबी म्हणजे दादाची धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली तरी बेबीच. दादाची मुलं तिला बेबीआत्या म्हणत आणि दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकंही. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारून विचारून नातेवाईक थकले आणि मग म्हातारे झाले. दादाची दोन्ही पोरं तिने अंगाखांद्यावर खेळवली आणि ती शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा वहिनीपेक्षा तीच जास्त रडली. मग या उन्हाळ्यात एक दिवस ती काऊंटर सोडून बाहेर गेली आणि संध्याकाळी आठ वर्षांच्या एका मुलीचा हात धरून परत आली. मुलीची आई रुग्णालयात, आजार लांबणारा. बापाचा पत्ता नाही. कार्यालयाच्या भाषेत बेबीआत्या तिची 'तात्पुरती पालक' होती. घरात सगळ्यांना तोंडी सांगून झालं होतं, पण बेबी असलं काही खरंच करेल यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता.

पोरगी पहिल्या दिवशी अक्षरही बोलली नाही. दुकानात जमिनीवर सांडलेल्या टाचण्या उचलायला एक लोहचुंबक होतं, ते घेऊन ती तासन्‌तास फिरली. म्हणून तिचं नाव टाचणी पडलं. अंगाने तशीच, आणि पुढे तोंड उघडल्यावर कळलं की टोचायलाही तशीच.

आता प्रश्न होता तिच्या धाकट्या बहिणीचा. ती तीन वर्षांची, दुसऱ्या एका घरी ठेवलेली. ते कुटुंब बदली होऊन दूरच्या गावी निघालं होतं. कार्यालयाने ठरवलं, आता दोघी बहिणींना एकत्रच ठेवायचं. इथं होत असेल तर इथं. नसेल तर परगावी एक घर दोघींना घ्यायला तयार होतं. म्हणजे बेबीआत्याला मिळाल्या तर दोघी मिळणार होत्या, नाहीतर हातात असलेली टाचणीही जाणार होती.

दादाचं म्हणणं जागेचं होतं. खाली दुकान, वर घर, आणि मागच्या खोलीत त्याच्या कापडाच्या गठ्ठ्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही. वहिनीचं म्हणणं गुडघ्यांचं होतं. "बेबीताई दिवसभर काऊंटरवर. तीन वर्षांच्या पोरामागे जिन्यावरून कोण धावणार? मीच ना? आताच दोन पोरं मार्गी लावून जरा टेकले होते." आणि दादा-बेबीची आई काहीच म्हणत नव्हती. या घरात आईचं गप्प बसणं हेही एक मत धरलं जाई, आणि ते बहुतेक वेळा नकाराचं असे.

*

पँटची भानगड झाली त्याच दुपारी.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. डोळ्यांना आता सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण कात्री अजून तिच्याच हातात होती. कापायचं आईने, शिवायचं वहिनीने, काजं-बटणं बेबीने, आणि गिऱ्हाइकाशी भांडायचं दादाने, अशी दुकानाची वाटणी. बाई येणार म्हणून टाचणीला शाळेची नवी पँट हवी होती. जुनी घोट्याच्या वर गेली होती. बाईंनी पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या? शिंप्याच्या घरात पोरगी आखूड पँट घालून फिरते!

आईने कापलेले तुकडे वहिनीने मशीनवर घेतले आणि पायाची कड उलगडून पाहिली.

"आई, खाली एवढंच? माया ठेवायला विसरलात की काय?"

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दडवून ठेवतात, पुढे पोर वाढलं की उसवून लांब करता यावं म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. या घरच्या पोरांच्या प्रत्येक कपड्याला आईची चार बोटं माया असायची. दादाच्या मुलाची, पप्पूची, एक पँट चार वर्षं चालली होती, तिच्यावर उसवल्याच्या रेघा झाडाच्या खोडावर असतात तशा दिसत.

"विसरले नाही," आई म्हणाली. "हिला माया नको. हिचे दिवस ते किती! जेवढ्यास तेवढं झालं म्हणजे पुरे."

वहिनीने मान वर करून सासूकडे पाहिलं. तीस वर्षं या बाईने कापलेलं ती शिवत होती. असं कधी झालं नव्हतं.

"वाढत्या अंगाची आहे हो पोर."

"वाढेल तिकडे गेल्यावर. तिकडचे शिवतील दुसरी."

वहिनीने मशीन सुरू केलं. तिला एकदम राग आला होता, आणि राग कुणाचा ते कळत नव्हतं. पोरीला ठेवायला आपणच काल नको म्हणत होतो, मग सासूने तेच कात्रीने सांगितलं तर आपल्याला का झोंबावं?

जिन्याच्या वरच्या पायरीवर टाचणी चुंबक घेऊन बसली होती. तिने वहिनीचा प्रश्न ऐकला आणि आजीचं उत्तर ऐकलं. मशीन सुरू व्हायच्या आत ती उठून खाली दुकानात गेली. तिथल्या बिनडोक्याच्या पुतळ्याच्या कोटात तोंड खुपसून उभी राहिली. हिला माया नको. हिचे दिवस ते किती. तिला हे ऐकून नवल वाटलं नव्हतं, हे सगळ्यांत वाईट. असं कुणीतरी कधीतरी म्हणणारच, हे ती पहिल्या दिवसापासून धरूनच चालली होती. फक्त ती समजत होती की बोललीच तर काकू, म्हणजे वहिनी, बोलेल. आजी तिला रोज आपल्या ताटातला पहिला घास काढून द्यायची. आजीवर तिचा जरा भरवसा बसला होता.

*

बाई बरोब्बर चारला आल्या. पायात सपाट चपला, खांद्याला जड पिशवी, दिवसभर दुसऱ्यांची घरं बघून दमलेला चेहरा. दादाने खुर्ची पुढे केली ती नेमकी पाय मोडकी. वहिनीने डोळे मोठे केले. त्याने ती स्वतःकडे ओढून घेतली आणि मुलाखत होईपर्यंत एका पायावर तोल सांभाळत बसला.

"तुमचं काय मत?" बाईंनी त्याला विचारलं.

"माझं? जागेचा जरा..." त्याने बहिणीकडे पाहिलं. बेबी चहाचा ट्रे धरून दारात उभी होती आणि कपबश्या किणकिणत होत्या. दादाने तिला असं एकदाच पाहिलं होतं, वडील गेले त्या दिवशी. "जागेचं होईल काहीतरी," तो म्हणाला. "गठ्ठे जिन्याखाली मावतील. नाही मावले तर माझ्या पलंगाखाली."

"आणि तुमचं?"

"माझे गुडघे दुखतात," वहिनी म्हणाली. मग कपाळाला आठी घालून पुढे म्हणाली, "पण ते एरवीही दुखतातच."

बेबीआत्याने ट्रे खाली ठेवला. आता एकच माणूस उरलं होतं. पण आईकडे वळण्याआधी बाईंना मुलीशी एकांतात बोलायचं होतं. त्या खाली दुकानात गेल्या. वर चौघं एकमेकांकडे न बघता बसून राहिली. चहावर साय धरली.

बाई वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"मुलगी म्हणते, तिला इथं राहायचं नाही."

बेबीआत्याला आधी ऐकूच आलं नाही. मग आलं. तिने वहिनीचं मनगट पकडलं. सगळं सोसायची तयारी तिने केली होती, दादाचा नकार, आईचा अबोला, कार्यालयाचे हेलपाटे. पण पोरगीच नको म्हणेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. काल रात्री तर झोपताना तिचा पदर मुठीत धरून झोपली होती.

"असं कसं? काय झालं? मी काही..."

"तुमच्याबद्दल तक्रार नाही तिची," बाई म्हणाल्या आणि आईसमोर बसल्या. "आजी, एक विचारते, राग मानू नका. हिला माया नको, असं तुम्ही म्हणालात?"

"हो," आई म्हणाली. "म्हणाले की. दुपारीच म्हणाले."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

"पण का?"

"गरज काय? वाया जाते."

"माया वाया जाते?"

"जातेच. दिवस थोडे असले की जातेच वाया. बाई, माझं आयुष्य गेलंय यात. कुणाला ठेवायची, कुणाला नाही, हे मला बघताक्षणी कळतं."

बाईंचं पेन थांबलं. बेबीआत्या पांढरीफटक पडली. "आई," एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की दादा त्या मोडक्या खुर्चीसकट उठला.

"अगंबाई!" वहिनी ओरडली. "पँट! अहो, पँटबद्दल चाललंय हे! बाई, लिहू नका, थांबा, काही लिहू नका!" तिने मशीनवरची पँट ओढून आणली, दादाने आपल्या शर्टाचं टोक उलटं केलं, आणि दोघं एकदम बोलू लागली. माया म्हणजे हे, हे आतलं कापड, शिवणीतलं, हो, यालाच म्हणतात, कधीपासून म्हणतात, आमच्यात सगळे म्हणतात. बाईंना कळायला जरा वेळ लागला. मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वहिनीही हसली. दादा तर भिंतीला टेकला. "माया वाया जाते म्हणे! आई, तुला आता तुरुंगातच टाकत होत्या!"

आई हसत नव्हती. टाचणीही हसत नव्हती. ती कधीची दारात येऊन उभी होती.

"बघ गं, वेडाबाई," वहिनी तिला म्हणाली, "आजी पँटला म्हणाल्या. तुला नाही. हे बघ, याला माया म्हणतात."

टाचणी पुढे आली. तिने कड उलटी करून पाहिली, मग नखाने चाचपली.

"हे होय? हे मला माहीत आहे. आत्याने मला पप्पूदादाच्या जुन्या पँट उसवायला दिल्या होत्या, त्यात होतं. एवढं होतं." तिने चार बोटं धरली. मग आजीकडे बघितलं. "मग माझ्या पँटला का नाही?"

हसणं जिथल्या तिथं राहिलं. दादाने शर्ट आत खोचला.

"कापड कमी पडलं असेल," वहिनी घाईने म्हणाली.

"कमी नाही पडलं," आई म्हणाली. सुनेने खोटं बोलून वाचवावं हे तिला आवडलं नाही. "भरपूर होतं."

*

गुंड्याचं नाव या घरात कुणी काढत नसे. दादाला तो आठवत होता तो फक्त रात्रीचा, शेजारी झोपून लाथा मारणारा. बेबीचा तेव्हा जन्मही नव्हता. आईच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली आणि पोर इथं आलं, आणि दोन वर्षांनी त्याच्या बापाने दुसरा संसार मांडल्यावर तो येऊन त्याला घेऊन गेला. बाप होता, हक्क होता, कुणी काही बोलू शकलं नाही. पुढे ते लोक कुठे गेले ते कळलं नाही.

आई आता बोलू लागली ती टाचणीकडे बघून. जणू दुसरं कुणी खोलीत नव्हतंच.

"माझ्याकडे एक पोरगा होता. तुझ्यासारखाच, राहायला आलेला. जायचा ठरला तेव्हा मी त्याला कपडे शिवून दिले. सगळ्यांना चार-चार बोटं माया ठेवली. म्हटलं, पोर वाढेल, लागेल. तो गेला, आणि मग माझ्या डोक्यात आलं, की तिकडे शिवणारं कोण आहे? आत कापड आहे हे त्यांना सांगितलंय कुणी? मी सांगायलाच विसरले बघ. त्या गडबडीत, रडण्यात. आखूड झाले म्हणून फेकून दिले असतील. आतल्या आत राहिलं ते कापड. कुणाला कळलंच नसेल." ती थांबली. "तेव्हा ठरवलं, जाणाऱ्याच्या कपड्याला माया ठेवायची नाही. आपल्यालाच त्रास होतो."

"आई," बेबीआत्या तिच्या पायाशी बसली. "जातील गं त्या. मला माहीत आहे. त्यांची आई बरी झाली तर मी स्वतः नेऊन सोडीन. तरी मला हव्यात."

"मग रडशील."

"रडेन. तू आहेस ना, तेव्हा गप्प करायला."

"मी काय जन्माला पुरणार आहे?"

"तोपर्यंत तरी आहेस!" बेबी चिडून म्हणाली आणि तिथंच रडायला लागली, म्हणजे कार्यक्रम आधीच झाला. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पन्नाशीच्या बाईच्या डोक्यावर, लहान पोरीच्या ठेवावा तसा.

टाचणी अजून पँट हातात धरून होती. तिचं त्या दोघींकडे लक्ष नव्हतं. ती काहीतरी हिशेब घालत होती.

"आजी," ती म्हणाली, "त्या मुलाला उसवता येत नव्हतं का?"

"त्याला? नाही गं. त्याला कोण शिकवणार?"

"मला येतं." तिने सांगितलं, साधंच, पाढे येतात म्हणून सांगावं तसं. "एक टाका सोडून एक कापायचा, मग दोरा ओढायचा. कापड फाटत नाही. मी कुठे गेले तरी मला येईल."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला, आणि हात पुढे केला.

"आण ती पँट इकडे."

आईने कड पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. पण कापलेलं कापड कापलेलंच असतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कारागिराचा हातही तिथं काही करू शकत नाही. माया ठेवायची ती कापायच्या आधी.

"मेलं असं कसं कापलं मी," ती स्वतःवरच करवादली. "आता नाही निघायचं यातून. जोड द्यावी लागेल. जा, त्या पेटीतून तुला आवडेल तो तुकडा आण. मोठा आण."

टाचणी गेली आणि नेमका पिवळाधमक तुकडा घेऊन आली. शाळेची पँट निळी. वहिनीने तोंडावर हात ठेवला.

"आजी, जोड दिसेल हं," टाचणीने बजावलं. "सगळ्यांना कळेल, नंतर लावलीय म्हणून."

"कळू दे. नंतर लावलीय तर नंतरचीच दिसणार. घट्ट बसली म्हणजे झालं." आईने तुकडा पँटच्या पायाला लावून पाहिला आणि बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार. मग करंगळीशेजारी दुसऱ्या हाताचा अंगठाही टेकवला.

बाईंनी घसा साफ केला. त्यांना अजून दोन घरं करायची होती. "आजी, मग तुमचं मत मी काय समजू? आणि तुझं गं? आता राहायचंय का इथं?"

टाचणीने आधी आजीकडे बघितलं. आजीने गळ्यातला टेप काढला.

"धाकटीचं माप आणलंय का?" तिने विचारलं.

"माप? नाही... माप कसं..."

"मग शिवू कशी? येताना काय उघडी येणार आहे? कार्यालयं चालवतात आणि पोराचं माप माहीत नाही!"

"मला माहीत आहे," टाचणी म्हणाली. ती कटिंगच्या टेबलाजवळ गेली, आपल्याच पोटाशी हात आडवा धरला, जरा वर केला, पुन्हा खाली घेतला. गेल्या वेळी भेटलो तेव्हा तिचं डोकं इथं लागलं होतं, ती म्हणाली. इथं. अगदी इथं. तिने हात टेबलाच्या पायावर टेकवला आणि हलू दिला नाही.

आई गुडघ्यावर हात ठेवत कण्हत खाली वाकली आणि त्या छोट्या हाताच्या काठाला धरून खडूने रेघ ओढली. मग त्या रेघेवर आपली चार बोटं आडवी ठेवली, आणि त्यांच्या वर दुसरी रेघ ओढली.